हजेरीला आलेल्या आया

“तुझ्या आईचं नाव काय?” असं मी चौथीच्या वर्गात पहिल्या बाकावरच्या बिरूला विचारलं, तेव्हा तो उभा राहून ठणठणीत आवाजात म्हणाला, “माय.”

“अरे, ते तू म्हणतोस. लोक काय म्हणतात?”

“बिऱ्याची माय.”

“बरं, वडील काय हाक मारतात?”

बिरूने थोडा विचार केला. “‘ऐकायलीस का’ म्हनतेत.”

वर्ग हसला, मीही हसले. मग एकेकाला उभं केलं आणि माझं हसू कमी कमी होत गेलं. निम्म्याहून जास्त आयांची नावं माय, आई, मम्मी आणि ‘ऐकायलीस का’ अशीच निघाली. जिल्ह्याचे तालुके ही पोरं झोपेतून उठवलं तरी घडाघडा म्हणत. जिच्या हातची भाकरी खाऊन शाळेत यायची, तिचं नाव मात्र त्यांना कुणी विचारलं नव्हतं.

हे सगळं मी उकरून काढायला का गेले, ते सांगते.

माझी सगळी नोकरी जिल्हा परिषदेच्या शाळांत गेली. शेवटची काही वर्षं नेकनूरच्या आतल्या अंगाला, एसटी जिथे फाट्यावर सोडून निघून जाते, अशा एका गावात मी मुख्याध्यापिका होते. पोरांसाठी मॅडम, गावासाठी मोठ्या बाई आणि कार्यालयाच्या पत्रात ‘मुअ’. बाहेरच्या माणसाला वाटतं, मुख्याध्यापक म्हणजे खुर्चीत बसून घंटेकडे बघणारा माणूस. प्रत्यक्षात मुअ खिचडीचा तांदूळ निवडून घेतो, नळाची तोटी बदलतो, शाळेत शिरलेल्या म्हशीला हाकलतो, आणि या सगळ्याचे फोटो काढून मोबाइलवरून वर पाठवतो. आमच्याकडे रेंज फक्त पाण्याच्या टाकीवर यायची, त्यामुळे साडी खोचून टाकीवर चढणं हाही माझ्या पदाचा एक भाग होता. उरलेल्या वेळात शिकवायचं. छोट्या शाळेत मुअला वर्गही घ्यावा लागतो, आणि त्या वर्षी चौथी माझ्याकडे होती.

तर अंबाजोगाईला एक प्रशिक्षण झालं. विषय होता समता, विविधता आणि समावेशन. पुढच्या खुर्च्यांवर गुरुजी बसले, मागच्या खुर्च्यांवर आम्ही बाया. समतेची रांगोळी बायांनी काढली, चहाचे कप बायांनी फिरवले आणि आभार गुरुजींनी मानले. तज्ज्ञ साहेब फार चांगलं बोलले. शाळा प्रत्येक मुलाला आपली वाटली पाहिजे, असं म्हणाले आणि तेवढ्यात लाइट गेली. शेवटी हुकूम निघाला, शाळेत समतेचं वातावरण निर्माण करावं आणि वातावरणाचे फोटो पाठवावेत. वातावरणाचा फोटो कसा काढतात, हे विचारायची माझ्या जिभेला फार खाज सुटली होती. पण एसटीची वेळ झाली होती.

येताना गाडीत मी विचार करत बसले. कागदी पताका लावून समता येत असती, तर आमच्याकडे दर गणपतीला आली असती. काहीतरी लहानसं करावं, ज्याला पैसा नको, मंजुरी नको आणि ज्याचा फोटोही निघणार नाही. आणि मला हजेरी आठवली.

शाळेत हजेरी कशी घेतात, तुम्हाला माहीत आहे. पोराचं नाव, बापाचं नाव, आडनाव. शहरात आडनाव म्हणजे नुसतं आडनाव. गावात आडनाव पुकारलं की पोर कुठल्या गल्लीतलं, देवळाच्या अलीकडचं की पलीकडचं, माळावरच्या धनगर वस्तीवरचं की तांड्यावरचं, हे भिंतीलाही कळतं. मी रोज सकाळी गावाचा नकाशा वाचून दाखवत होते आणि पोरं त्या नकाशाप्रमाणे बाकांवर बसत होती. त्यांना कुणी तसं बसायला सांगितलेलं नव्हतं.

आणि दुसरी गोष्ट रेणुकाची.

रेणुका चौथीत होती. तिची आई मंगल आमच्या शाळेची खिचडी शिजवायची. मंगलला नवऱ्याने पोर पोटात असतानाच माहेरी आणून सोडलं होतं. तो पुन्हा फिरकला नाही, पोरीला त्याने आपली म्हटलं नाही, आणि मंगलनेही मग पोरीच्या नावापुढे त्याचं नाव लावायला ठाम नकार दिला. आधीच्या वर्गांत हजेरी घेताना गुरुजी म्हणायचे, “रेणुका…” आणि अडखळायचे. तेवढ्या अडखळण्यात मागून एखादं पोरगं हळूच म्हणायचं, “पुढं?” आणि खसखस पिकायची. म्हणून पोरीने एक युक्ती काढली होती. ती रोज हजेरी संपल्यावर यायची. शाळा किचन शेडला लागून, आई पहाटेपासून तिथे, आणि ही मात्र रोज उशिरा. गुरुजींच्या लेखी ती आळशी होती. आळशी पोरगी शर्यतीत पोरांच्या पुढे कशी पळते, हे कोडं त्यांना पडलं नव्हतं.

म्हणून ठरवलं, आपल्या वर्गात हजेरी पोराच्या आणि त्याच्या आईच्या नावाने. बाप नाही, आडनाव नाही. आणि बाकही आईच्या नावाच्या क्रमाने.

घरी जाऊन आईचं नाव विचारून या, असा अभ्यास दिला. दुसऱ्या दिवशी तर मोठीच पंचाईत. एका पोराने दोन नावं आणली, एका पोरीने दोन, जुळ्या भावांनी तर एकेक वेगळं आणलं आणि मधल्या सुट्टीत आईचं खरं नाव कुणी आणलं यावर मारामारी केली. मला आधी काही कळेना. मग लख्ख उमगलं, कारण मी स्वतःच त्यातली. माहेरी मी प्रमिला. लग्नात यजमानांनी ताटातल्या तांदळात अंगठीने ‘सुलक्षणा’ लिहिलं, आणि नोकरीच्या कागदांवर प्रमिला नि सासरच्या दारात सुलक्षणा अशा दोन बाया मी आयुष्यभर चालवल्या. यजमानांनी दोन्हींतलं एकही नाव कधी वापरलं नाही. ते ‘अहो, ऐकलं का’ म्हणत. बिरूच्या बापाचा आणि त्यांचा फरक तेवढाच.

म्हणून नियम केला, कुठलं नाव सांगायचं ते आईनेच ठरवायचं. आजीने नाही, काकाने नाही. आठवडाभर पिठाच्या गिरणीवर बायांना दुसरा विषय नव्हता. कोयता घेऊन उसाच्या तोडीला गेलेल्या एका आईने तर फडातून फोन केला, “बाई, माझं शांता लिवा. चंद्रकला लिवू नका, ते सासूनं ठिवलंय.”

नवी हजेरी सुरू झाली त्या दिवशी मी पुकारलं, “रेणुका मंगल.” रेणुका अर्थातच वर्गात नव्हती. पण किचन शेडमधून खणखणीत “ओ” आली आणि हातात ओगराळं घेऊन मंगल धावत दारात.

“काय बाई? बलावलं?”

“तुला नाही गं, पोरीची हजेरी घेतेय.”

“आस्सं. नाव आयकू आलं मनून आले.” ती ओशाळली. तांदूळ करपेल म्हणून पळाली. पोरं हसली, पण ते हसणं निराळं होतं. आणि दाराच्या मागे उभी असलेली रेणुका मला त्या वेळी दिसली. त्या आठवड्यात एका सकाळी ती घंटेआधी येऊन बसली. “रेणुका मंगल” म्हटल्यावर “हजर” म्हणाली, तेही शर्यत जिंकल्यासारखं. मला फार बरं वाटलं. मी फोटो काढला नाही.

आता गंमत कशी झाली बघा. बाक आईच्या नावाप्रमाणे. धनगर वस्तीवरच्या बिरूच्या आईचं नाव निघालं सुनीता. आणि गावातले मोठे बागायतदार, ज्यांच्या शब्दावर सरपंच उठतो-बसतो, त्या बापूसाहेबांच्या सूनबाई, त्याही सुनीता. तेव्हा बापूसाहेबांचा नातू युवराज आणि मेंढरामागे फिरणारा बिरू एका बाकावर आले. पोरांना नातं जोडायला किती वेळ लागतो? बिरू सुनीता, युवराज सुनीता, म्हणजे भाऊ-भाऊ. सगळी शाळा त्यांना ‘सुनीताचे दोघं’ म्हणू लागली.

बापूसाहेब दुसऱ्याच आठवड्यात आले. शाळा व्यवस्थापन समितीचा अध्यक्ष कागदावर त्यांचा मुलगा होता, पण खुर्चीत बापूसाहेब बसत. समितीत निम्म्या बाया असाव्यात असा कायदा आहे, आणि त्या आमच्याकडे होत्याही. सह्यांचं रजिस्टर त्यांच्या घरी पोचे आणि सह्या होऊन घरूनच परत येई.

“मोठ्या बाई, ह्ये काय चालवलंय?” बापूसाहेब म्हणाले. “आमच्या घरच्या लेडीजची नावं चारचौघांत कावून घ्यायलाव? सूनबाईचं नाव आमी घरात बी घेत न्हाई.”

“नाव वाईट आहे का, बापूसाहेब?”

“नाव चांगलंय. पन माझ्या नातवाला पोरं बिऱ्याचा भाऊ म्हनायलेत.”

“दोघांच्या आया सुनीता निघाल्या, त्याला मी काय करणार? सूनबाईंचं माहेरचं नाव काय होतं?”

“सोनाली.”

“मग सुनीता कुणी ठेवलं?”

“आमीच ठिवलं की लग्नात. भटजीनं ‘स’ काढला, मी सुनीता म्हनलो.”

“मग बापूसाहेब, ही जोडी तुम्हीच जमवलीत.”

माणूस वाईट नव्हता. शाळेला बोअर त्यांच्याच खटपटीने मिळालं होतं. पण गावात त्यांचा शब्द खाली पडला, असं कधी झालं नव्हतं. जाताना ते शांतपणे म्हणाले, “संक्रांतीनंतर समितीची बैठक लावा. ठराव करू. बापाचं नाव, आडनाव, पयल्यासारखं. सव्वीस जानेवारीला माइकवर नावं पुकारायचीत, तवा गावापुढं असलं काई नको.”

मला बदलीची भीती नव्हती, निवृत्ती दारात आली होती. पण सव्वीस जानेवारीला माइकवर पहिलं नाव रेणुकाचंच पुकारलं जाणार होतं. आजूबाजूच्या सगळ्या शाळांच्या शर्यतीत ती पहिली आली होती. ठरावाची कुणकुण तिच्यापर्यंत पोचली, तशी ती मधल्या सुट्टीत माझ्याजवळ आली. “मॅडम, पयल्यासारखं अडखळत पुकारनार असतेल, तर मी येत न्हाई. बक्षीस युवराजला द्या.” जरा थांबून म्हणाली, “पाचवीला बी जात न्हाई. तितं तर समदेच नवे ‘पुढं’ म्हनतेल.” पाचवीची शाळा शेजारच्या गावी होती. ही पोरगी तिथे गेली नाही, तर मामाच्या शेळ्यांमागे जाणार, हे मला दिसत होतं. मला त्या रात्री झोप लागली नाही आणि माझा राग मात्र चांगला पेटला.

राग आला की माझं डोकं वाकड्या वाटेने चांगलं चालतं. मी पोरांबरोबर निरोप धाडला की शाळेत संक्रांतीचा तिळगूळ आणि ‘नाव घेण्याचा’ कार्यक्रम आहे, सगळ्या आयांनी, आज्यांनी यावं. वाण नाही, कुंकू नाही, म्हणजे नवरा गेलेली असो की टाकलेली, कुणालाच यायची बंदी नाही. आणि समितीची बैठक त्याच वेळी, त्याच मैदानात.

गाव लोटलं. आमच्याकडची बाई सभेला बोलावलं तर येत नाही, नाव घ्यायला बोलावलं तर पाठ करून येते. उखाण्यांची तयारी जोरात होती. माळावरून बिरूची माय आली, तांड्यावरच्या आल्या, बापूसाहेबांच्या सूनबाई डोक्यावरचा पदर सावरत आल्या, आणि त्यांचा हात धरून बापूसाहेबांची म्हातारी आई आली. तिला गाव ‘थोरल्या माय’ म्हणतं. नवरा गेल्यापासून ती असल्या कार्यक्रमांना बोलावणं येण्याची वाट बघायची सोडून बसली होती. मंगल तेवढी शेडमध्ये चहा उकळत होती. ये म्हटलं तरी आली नाही.

“बायांनो,” मी म्हटलं, “नवऱ्याचं नाव तुम्ही जन्मभर घेतलंत. आज आपलं घ्यायचं.”

कुणीतरी खुदकन हसलं. बिरूची माय उभी राहिली, लाजून लाल झाली आणि “सुनीता” म्हणून बसली. टाळ्या पडल्या. मग एकेक उठू लागली. काहींनी माहेरचं सांगितलं, काहींनी सासरचं. एकीने दोन्ही सांगून वर विचारलं, “दोनी ठिवले तर चालतंय का?”

बापूसाहेब मध्येच उठले. “कार्यक्रम चांगलाय. पन आता ठराव घेऊ. आमच्या सूनबाईचं सोनालीच लिवा, म्हंजे बाक बदलंल. नायतर आडनावं चालू करा.”

सूनबाई सासऱ्यापुढे बोलत नाहीत. म्हणून त्या माझ्याकडे तोंड करून, पण सगळ्यांना ऐकू जाईल इतकं बोलल्या, “बाई, सुनीताच ऱ्हाऊ द्या. मी इचार करूनच सांगितलंय. बिरूजवळ बसल्यापासून युवराजला भागाकार यायलाय.”

बायांमध्ये हशा उसळला. बापूसाहेबांनी घसा साफ केला. “ठराव लिवून घ्या. मांडनार…”

“मांडणाऱ्याचं नाव लागेल,” मी म्हटलं. “आज इथे सगळ्यांनी सांगितलंय तसं. आपलं आणि आईचं.”

“घ्या,” बापूसाहेब म्हणाले. त्यांनाही लोकांपुढे माघार घेता येईना. “बापूसाहेब रखमाबाई.”

“रखमा कोन?” पुढच्या सतरंजीवरून आवाज आला.

थोरल्या माय बोलत होत्या. सगळ्या माना वळल्या.

“माय, तूच की,” बापूसाहेब म्हणाले.

“म्या गोदा. लगीन होऊन आले तवा घरात थोरल्या जावंचं नाव गोदा होतं. दोन गोदा कशाला मनून तुज्या आज्यानं मला रखमा केलं.” म्हातारीच्या आवाजात तक्रार नव्हती. कुठली शेळी कुणाची हे सांगावं तसं ती सांगत होती. “माजी माय गेली, तवापासून गोदा म्हननारं कोनी ऱ्हायलं न्हाई.”

साठी ओलांडलेले बापूसाहेब आईसमोर खाली बसले. आम्ही सगळे ऐकतोय, हे त्यांच्या ध्यानात राहिलं नसावं. “माय, मला कावून सांगितलं न्हाईस?”

“तू कवा हजेरी घेतलीस?”

माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि मी ते तिळगुळाच्या ताटावर पडू दिलं नाही एवढंच. बापूसाहेब उठले, टोपी नीट केली आणि म्हणाले, “बाई, ठराव ऱ्हाऊ द्या.” निघाले आणि वळून परत आले. “आन् आमच्या घरची सुनीताच असू द्या. पोराला भागाकार येतोय तर येऊ द्या.”

याने गाव बदललं असं मात्र कुणी समजू नये. मोबाइलवरच्या हजेरीत आडनाव होतंच, ते काढायची सोय माझ्या टाकीवरून नव्हती. मी निवृत्त झाल्यावर नवे गुरुजी आले आणि जुनी हजेरी परत सुरू झाली, असं कळलं. मला वाईट वाटलं, अजून वाटतं. बिरू आणि युवराज मात्र बाजारात भेटले की एकमेकांना “ए सुनीताच्या” म्हणून हाक मारतात, आणि ऐकणाऱ्याला ती शिवी वाटते.

सव्वीस जानेवारीचं तेवढं सांगायचं राहिलं.

झेंडावंदन झालं. रेणुका आली होती, पण मागच्या रांगेत, पळून जायला सोपं पडेल अशी उभी होती. बक्षिसं बापूसाहेबांच्या हस्ते आणि माइकही त्यांच्याच हातात. भोंगा देवळावर लावलेला, म्हणजे गावभर ऐकू जाणार.

“धावन्याच्या शर्यतीत पयली,” बापूसाहेब म्हणाले, “रेणुका…”

आणि थांबले.

सवयीने जीभ पुढचं आडनाव शोधत असावी. मागच्या रांगेत पोरीची मान खाली गेली आणि अंगठ्याने ती माती उकरू लागली. सगळ्या शाळेला ठाऊक होतं, आता कुणीतरी ‘पुढं?’ म्हणणार.

बापूसाहेबांनी शेडकडे मान वळवली. माइक तोंडापुढेच होता, तो बाजूला करायचं त्यांना सुचलं नाही. अख्ख्या गावाने ऐकलं.

“मंगल, ह्ये मंगल नाव माहेरचं का सासरचं गं?”

ओगराळं हातात घेऊन मंगल शेडच्या दारात आली. गर्दीकडे बघितलं, पोरीकडे बघितलं, आणि माइकची गरज पडू नये इतक्या मोठ्यांदा म्हणाली,

“माझं हाय.”